नखाखालचा दाणा

सतरा वर्षं मी माझ्या डाव्या हाताचं मधलं बोट तान्ह्या पोरासारखं सांभाळलं. त्याला लोकरीचं टोपडं विणलं, हिवाळ्यात ते काखेत धरून चालले, भांडी घासताना ते एकटंच वर ठेवायला शिकले. दिसायला बोट धडधाकट. सूज नाही, लाली नाही, जखम नाही. पण नखाच्या मुळाशी, जरा उजवीकडे, शर्टाचं बटण जरी टेकलं तरी अशी कळ खांद्यापर्यंत जायची की मी होते तिथे मटकन बसायची. थंड पाणी लागलं तर विचारूच नका.

फोड आला तर लोकांना दाखवता येतो. हाड मोडलं तर प्लास्टर दिसतं. मी आपली चांगलं धड बोट पुढे करून 'हे दुखतं' म्हणायची, म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

माझं नाव यांग मालसुन, वय बासष्ट. दक्षिण कोरियात, जोनजूच्या बाजारात माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक मशीन, एक इस्त्री आणि गिऱ्हाइकासाठी एक खुर्ची. नवरा सात वर्षांपूर्वी गेला. मुलगी सोरा कॅनडात असते. दर रविवारी फोनच्या पडद्यावर येते, "आई, जेवलीस का?" विचारते, आणि मी जेवले म्हणते. मग दोघींनाही पुढे काय बोलावं ते सुचत नाही. बाकी आठवडाभर मी गिऱ्हाइकांशी बोलते, आणि ती नसली की मशीनशी.

हातावर पोट असलेल्या बाईला हातानेच दगा दिला, तेव्हा मी डॉक्टरांचे उंबरे झिजवले. पहिल्याने मानेचा एक्स-रे काढला. दुसऱ्याने संधिवात म्हणून गोळ्या दिल्या. तिसऱ्याने हाताला विजेचे झटके देऊन पाहिले आणि शीर उत्तम आहे म्हणून माझं अभिनंदन केलं. चौथ्याने बोटाकडे न बघताच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" शेवटी नवरा मला नामवॉनच्या एका म्हाताऱ्या वैद्याकडे घेऊन गेला. त्याने नाडी धरली, डोळे मिटले आणि म्हणाला, "हा गिळलेला राग आहे."

हा आजार आमच्याकडे घरोघरी आहे. बाई सासरी राग गिळत राहते, तो काळजात साठतो आणि एक दिवस कुठूनतरी बाहेर पडतो. माझ्या आईला तो छातीत होता, मावशीला डोक्यात. त्यामुळे माझा बोटात निघाला याचं मला काही नवल वाटलं नाही.

"मधल्या बोटाची वाट थेट काळजाला जाते," वैद्य म्हणाला. "तुम्हाला कुणाचा राग येतो?"

"थोरल्या जाऊबाईंचा," मी म्हणाले. त्याचं वाक्यसुद्धा पुरतं संपलं नव्हतं.

त्याने समाधानाने मान डोलावली आणि मला अकरा सुया टोचल्या.

जाऊबाईंचं नाव जॉमरे. माझ्या नवऱ्याच्या थोरल्या भावाची बायको, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. इमसिलजवळ डोंगराखाली त्यांचं घर, आणि सगळ्या खानदानाची वर्षाची किमची, म्हणजे कोबीचं आंबवलेलं तिखट लोणचं, त्यांच्या अंगणात व्हायची. नोव्हेंबरच्या अखेरीला एका शनिवारी आम्ही सगळ्या जमायचो. दोन नणंदा, तीन चुलत जावा, झाडून साऱ्या शेजारणी. तीनशे गड्डे कोबी आदल्या दिवशीपासून मिठात मुरलेला असायचा, आणि सकाळी तो तीन पाण्यांतून धुवायचा, डोंगरावरून येणाऱ्या नळाखाली. धुणारी बसते अंगणाच्या मधोमध, सगळ्यांसमोर. पुरुष पिंपं उचलतात आणि डुकराचं मांस कधी उकडतंय याची वाट बघत बसतात. धाकटी सून म्हणून धुण्याचा मान माझा. लाल रबरी हातमोजे असायचे, पण गारठा रबरातून आत येतोच, शिवाय मोजा नेमका नखावर दाबतो. म्हणून मी दरवर्षी काहीतरी दुसरं काम काढायची. लसूण सोलते, मुळा किसते, मसाला कालवते. बायका एकमेकींकडे बघायच्या.

"सोराच्या आईचं बोट आलंय का गं यंदा?" जाऊबाई अंगणभर ऐकू जाईल अशा बेताने विचारायच्या. "त्याला बसायला उशी द्या कुणीतरी!"

"खरंच दुखतं हो, जाऊबाई."

"दुखणारच. नाचता येईना अंगण वाकडं. आमच्या आजेसासूबाई सकाळी बाळंत झाल्या आणि दुपारी कोबी धुवायला बसल्या."

"मग त्यांनाच बोलवा की धुवायला," मी म्हणायची. माझी जीभही काही मिठात मुरलेली नव्हती.

अकरा वर्षांपूर्वीच्या त्या शनिवारी अंगणात बर्फाचे चार कण पडले होते. मी लसणाची टोपली घेऊन कोपरा गाठला, तेवढ्यात जाऊबाई हसत हसत मागून आल्या. त्यांनी माझं मनगट धरलं. "बघू तरी, पाणी चावतं का ते!" म्हणाल्या, आणि माझा उघडा हात पिंपात घातला.

मी जी किंचाळले ती शेजारच्या गल्लीत ऐकू गेली म्हणे. पाय झाडले, पिंप कलंडलं, धुतलेला कोबी चिखलात पडला. बायका जागच्या जागी उभ्या. जाऊबाईंच्या तोंडावरचं हसू गेलं होतं, त्या काहीतरी म्हणत होत्या, पण मला ऐकायचंच नव्हतं. "या अंगणात पुन्हा पाय ठेवला तर यांग मालसुन नाव लावणार नाही," मी म्हणाले, आणि तशीच ओल्या बाहीने गाडीत जाऊन बसले.

वाटेत नवऱ्याला बजावलं की त्या घराचं नाव माझ्यापुढे काढायचं नाही. सोरालाही तेच सांगितलं. वैद्याने राग काढून टाकायला सांगितला होता. राग काढायचा म्हणजे माणसं काढून टाकायची, असा मी त्याचा अर्थ लावला. बोट दुखायचं थांबलं नाही, तेव्हा मी औषधाची मात्रा वाढवली. आधी नववर्षाला जाणं बंद केलं, मग शरद ऋतूतल्या पितरांच्या जेवणाला, मग फोन. बोट तसंच दुखत राहिलं, आणि मी म्हणत राहिले की राग फार जुना आहे, वेळ लागेल.

पुढच्या नोव्हेंबरात नवरा एकटाच गेला आणि किमचीचे दोन डबे घेऊन आला. दारातच म्हणाला, "वहिनींनी यंदा तुझ्यासाठी..."

"नाव काढायचं नाही म्हटलंय ना?"

तो डबे आत ठेवायला गेला. गप्प बसण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

जानेवारीत मी डबा उघडला, तर किमची गळून गेली होती. पानांत करकरीतपणा नाही, नुसती फडक्यासारखी मऊ, आंबट. आणि ही कुणाच्या हातची? जिची किमची मे महिन्यातही दाताखाली वाजायची तिची! चुकून असं होणं शक्यच नव्हतं. बिघडलेला घाणा मुद्दाम माझ्यासाठी बाजूला काढला, असं मी ठरवलं. दोन्ही डबे कचऱ्यात उपडे केले आणि नवऱ्याच्या हाती परत पाठवले, रिकामे आणि न धुतलेले. डबा रिकामा परत करायचा नसतो, निदान चार अंडी तरी ठेवायची असतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मला ते कळत होतं म्हणूनच मी तसं केलं.

त्यानंतर डबे आले नाहीत. मी बाजारातून पाव किलोची पाकिटं आणू लागले. दोघांना पुरायची, मग एकटीला उरू लागली.

नवऱ्याच्या मयतीला जाऊबाई आल्या होत्या. तीन दिवस स्वयंपाकघरात उभं राहून त्यांनी लोकांना रस्सा-भात वाढला. निघताना त्यांनी माझा डावा हात हातात घ्यायला बघितला. मी झटक्यात मागे घेतला.

"अजून दुखतं का गं?" त्यांनी विचारलं.

नवरा पेटीत आणि हिला टोमणे सुचतात, असं माझ्या मनात आलं. "तुम्हाला काय करायचंय?" मी म्हणाले. त्या वाकून नमस्कार करून गेल्या. पुढच्या महिन्यात मी फोनचा नंबर बदलला आणि राहतं घरही.

या ऑक्टोबरात एक तरुण बाई निळ्या विजारी आखूड करायला घेऊन आली. मापं घेताना माझी लोखंडी पट्टी निसटून बोटावर पडली, आणि मी खाली बसले. बाई घाबरली नाही. तिने माझा हात मशीनच्या दिव्याखाली धरला, नख तिरकं करून बघितलं.

"आई, इथं खाली निळसर दिसतंय. गार पाण्याने दुखतं?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"मी हाताच्या दवाखान्यात नर्स आहे. उद्या या. नक्की या हं."

आमच्याकडे दवाखान्यात साठीच्या प्रत्येक बाईला आई म्हणतात. पोटची एक मुलगी समुद्रापलीकडे, आणि इथं दर खिडकीत एक मुलगी. तरी तिच्या तोंडून ते बरं वाटलं.

डॉक्टर पे माझ्या जावयाच्या वयाचे. त्यांनी यंत्रं नंतर आणली, आधी एक टाचणी घेतली आणि तिच्या डोक्याने नखावर हळूहळू, तसूतसूने टोचत गेले. इथं? नाही. इथं? नाही. इथं? मी त्यांना चांगली कोरियन शिवी हासडली. मग त्यांनी दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून घट्ट फुगवला आणि पुन्हा त्याच जागी टाचणी टेकवली. काहीच नाही. सतरा वर्षांत पहिल्यांदा त्या जागेला कशाचा तरी स्पर्श झाला आणि दुखलं नाही. मला रडू आलं.

"गाठ आहे, आई," ते म्हणाले. "बोटांत रक्तवाहिन्यांच्या टोकाशी बारीक गोळे असतात. थंडी-ऊन तेच सांभाळतात. त्यातला एक नखाखाली वाढलाय. कर्करोग नाही हा, घाबरू नका. काढला की संपलं."

"रागाने होतो का तो?"

"कशाने?"

"रागाने. कुणावर असलेल्या."

ते हसले नाहीत, यातच मला ते आवडले. "नाही," ते म्हणाले. "कुणाचाच दोष नसतो. आपोआप होतो."

ते 'कुणाचाच दोष नसतो' मी ऐकलं, पण आत शिरू दिलं नाही. मला दुसरंच सुचलं होतं. आत काहीतरी आहे. म्हणजे सोंग नव्हतं. ते बाहेर काढायचं, जाऊबाईंच्या तळहातावर ठेवायचं, आणि त्यांच्या तोंडून एक वाक्य ऐकायचं, 'मालसुन, तुझं खरं होतं.' बस. त्यानंतर त्यांनी मला जेवायला बसवलं नसतं तरी चाललं असतं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी नर्सने अर्ज पुढे केला. "सोबत कोण आहे, आई? नातेवाइकाचं नाव आणि नंबर लिहा."

सोराचा नंबर परदेशातला, तो चालेना. दुकानाशेजारच्या फुलवालीचा नंबर माझ्या फोनमध्ये होता, पण तिचं नाव मला ठाऊक नव्हतं. नऊ वर्षं आम्ही एकमेकींना 'फूलवाली' आणि 'शिवणवाली' म्हणत आलो. मला पाठ असलेला एकच नंबर होता, इमसिलच्या घरचा. मी तो लिहिला. नातं या रकान्यात 'जाऊ' लिहिलं. किती वर्षांनी लिहिलं ते.

नर्सने लावून बघितला. "वाजतोय, पण कुणी उचलत नाही."

"कोबीच्या शेतात असतील," मी म्हणाले. "ऑक्टोबर आहे ना."

बोटाच्या मुळाशी दोन सुया दिल्या, बोट बधिर झालं. मुळाशीच रबराची पट्टी आवळली, म्हणजे रक्त थांबतं. हात हिरव्या कापडाच्या पलीकडे होता, मला दिसत नव्हता. नुसती ओढ जाणवली, कुणी बाही धरून ओढावी तशी.

"डॉक्टर, काय चाललंय?"

"नख काढलं, आई. आता खालची कातडी उघडतोय."

"नख फेकून दिलंत?"

"छे. मिठाच्या पाण्यात ठेवलंय. शेवटी झाकण म्हणून परत बसवायचंय."

"किती वेळ मुरवणार? जास्त खारट करू नका."

नर्स इतकी हसली की डॉक्टरांना हात थांबवावा लागला. मग थोड्या वेळाने ते स्वतःशीच "हं" म्हणाले आणि एक पांढरी पट्टी कापडावरून माझ्या डोळ्यांपुढे धरली. तिच्यावर एक दाणा होता. निळसर गुलाबी, तांदळाएवढा. याच्यापायी मी सतरा वर्षं कण्हत होते. कुणी म्हटलं असतं की राईचा पर्वत करते बाई, तर मापाने ते खरंच होतं.

"मला द्या तो," मी म्हणाले.

"तपासायला पाठवावा लागतो, आई. नियम आहे."

"सतरा वर्षं मी सांभाळलाय."

त्यांनी तो पट्टीशेजारी ठेवून माझ्या फोनवर त्याचा फोटो काढून दिला. चार मिलिमीटर.

न्यायला कुणीतरी येतंय, असं मी नर्सला खोटंच सांगितलं आणि बसने घरी आले. हात काळजाच्या वर धरायला सांगितला होता. मी सबंध वाटभर तो उंच धरून बसले, आणि ड्रायव्हर दर थांब्यावर विचारायचा, "आजी, उतरायचंय का?" घरी आल्यावर एका हाताने बुटाची नाडी सुटेना. बूट घालूनच मी बराच वेळ दाराशी बसून राहिले.

दहा दिवसांनी तपासणीचा कागद आला. साधी गाठ, पूर्ण निघाली. जखम भरल्यावर एके सकाळी मी पातेल्यात पाणी घेतलं, त्यात बर्फ टाकला आणि बोट बुडवलं. गार लागलं. नुसतं गार, इतर चार बोटांना लागतं तसं. "बघा!" मी मोठ्याने म्हणाले. मग आजूबाजूला बघितलं. फ्रीज घुरघुरत होता.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी मी फोटो मोठा करून छापून घेतला, लिफाफ्यात घातला आणि इमसिलची बस पकडली. दिवस मुद्दाम तोच निवडला होता. सगळ्यांसमोर हसल्या होत्या ना, मग सगळ्यांसमोर बघू देत. तोंडात वाक्यं घोळवत मी गावची चढण चढले आणि फाटकातूनच हाक दिली, "जाऊबाई!"

अंगणात कुणी नव्हतं. शेजारणी नाहीत, मांस उकडल्याचा वास नाही. नळाशेजारी एकच पिंप होतं. घरातून भावजी बाहेर आले, माझे थोरले दीर, ऐंशीच्या पुढचे. चाळीस वर्षांत त्यांच्या-माझ्यात दहा वाक्यं झाली असतील. थोरला दीर धाकट्या भावजयीशी सरळ बोलत नाही, जे काही ते जाऊबाईंच्या मार्फत चालायचं.

"सोराची आई?" ते म्हणाले, आणि तसेच उभे राहिले.

"जाऊबाई कुठायत?"

त्यांनी कानामागे हात धरला. मी ओरडून विचारलं.

"ती एप्रिलमध्ये गेली," ते म्हणाले. "झोपेत. सोराने नाही सांगितलं? तिचा फोन आला होता तेव्हा. शेजारच्याने माझ्या कानाशी धरला. फार रडली पोर."

सोराने सांगितलं नव्हतं. त्या घराचं नाव काढायचं नाही, असं मीच बजावलं होतं, आणि माझी मुलगी शब्दाची पक्की आहे. ऑक्टोबरात मी दवाखान्यात नंबर लिहिला तेव्हा घरात हे एकटे होते, आणि यांना घंटा ऐकू येत नाही.

मी ओसरीवर बसले. लिफाफा त्यांच्या पुढे केला. त्यांनी चष्मा आणला, फोटो लांब धरला, जवळ धरला.

"तांदूळ?"

"माझ्या बोटातून काढलाय. नखाखाली होता. सोंग नव्हतं ते, भावजी! हा होता आत!"

"तिला ठाऊक होतं," ते म्हणाले.

"काय ठाऊक होतं?"

"सोंग नाही ते. तुझा हात पाण्यात घातला, त्याच दिवशी कळलं तिला. म्हणाली, असं ओरडणं कुणाला खोटं काढता येत नाही. दोन दिवस जेवली नाही." त्यांनी नळाकडे बोट केलं. "म्हणून तर तो बसवून घेतला."

तेव्हा मी बघितलं. जुन्या नळाशेजारी दुसरा नळ होता. त्याच्या मुठीला लाल चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि त्याचा पाइप भिंतीच्या कडेकडेने घरातल्या बॉयलरपर्यंत गेलेला.

"गरम पाण्याचा," भावजी म्हणाले. एवढं सलग बोलायची त्यांना सवय नव्हती, ते मधेमधे थांबत होते. "मी म्हटलं, मालसुनला लसूण सोलू दे ना, धुवायला दुसरी बसेल. तर म्हणे, नाही. सगळ्यांसमोर मी तिला हसले, आता सगळ्यांसमोर तिला मधोमध बसवणार. कोमट पाण्यात किमची टिकते का बघायला त्या वर्षी स्वतः तीनशे गड्डे कोमट पाण्यात धुतले. मी म्हटलं, अगं वेडे, नासेल सगळी. म्हणाली, नासली तर नासली, पण ती येईल तरी."

"आणि नासली," मी म्हणाले. त्यांना ऐकू गेलं नाही.

"सगळी मऊ पडली. पोरं, नणंदा, सगळे वर्षभर तिच्या नावाने खडे फोडत होते. पहिले दोन डबे तुमच्याकडे पाठवले. माझ्या भावाला म्हणाली, सांग तिला, गरम नळ बसवलाय, पुढच्या वर्षी ये म्हणावं. त्याने सांगितलं ना?"

तो सांगायलाच तर दारात उभा होता. मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नव्हतं.

"डबे रिकामे आले तेव्हा?" मी ओरडले. "तेव्हा काय म्हणाल्या?"

"काही नाही. धुवून ठेवले. म्हणाली, अजून मुरायचं आहे तिचं."

मयतीच्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, अजून दुखतं का गं. ते विचारणं होतं. टोमणा माझ्या कानात होता. मला त्या सतरा वर्षांचं दुःख झालं नाही तेवढं त्या एका प्रश्नाचं झालं. मी तिथंच ओसरीवर, थोरल्या दिरासमोर, तोंडाला बाही लावून रडले. ते दुसरीकडे बघत राहिले.

मग ते म्हणाले, "बारा गड्डे आणलेत. सवयीने आणले. काल मिठात घातले, पण पुढे काय करतात ते मला येत नाही. ती मला पिंपाजवळ येऊ द्यायची नाही."

मी उठले. पिंपात कोबी होता, मीठ कमी पडलेला, नीट वाकत नव्हता. मी बाह्या सरसावल्या, मोजे न घालता जुना नळ सोडला आणि डावा हात खाली धरला. डोंगराचं पाणी, नोव्हेंबरचं. मधल्या बोटाचं नख अजून अर्धंच आलं होतं. दुखलं नाही. मी हात तसाच धरून ठेवला, बोटं लाल होईपर्यंत, आणि तरी दुखलं नाही.

मी तो नळ बंद केला आणि दुसरा सोडला. लाल पट्टीचा. वापरात नव्हता, आधी खोकला, गंजकं पाणी आलं, मग पांढरं. बऱ्याच वेळाने कोमट झालं.

"सोराची आई," भावजी ओसरीवरून म्हणाले, "बोट बरं झालंय ना आता? मग गारच घे. यात मऊ पडेल."

"पडू दे!" मी ओरडून सांगितलं.

त्यांनी आतून कोपऱ्यातले दोन डबे आणून माझ्याजवळ ठेवले. झाकणावर जाऊबाईंच्या अक्षरात लिहिलं होतं, सोराची आई. फोटो घेऊन ते आत गेले, आणि जाऊबाईंच्या तसबिरीपुढे काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. मी अंगणात मधोमध बसले. बाराही गड्डे कोमट पाण्यात धुतले, रीतीप्रमाणे तीन वेळा, एकेक पान उघडून. ही किमची जानेवारीत फडक्यासारखी होणार, आणि या वेळी मी त्यातलं एक पानही टाकणार नाही. सगळं जसं त्यांनी ठरवलं होतं तसंच चाललं होतं. फक्त बघायला अंगणात कुणी नव्हतं.